सिलिंडरचा बिल्ला : फुटावा, पण सुटू नये

केंद्रीय पेट्रोलियममंत्री हरदीपसिंग पुरी यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये घरगुती गॅस सिलिंडरवर क्यूआर कोड लावण्याची घोषणा केली. वापरात असलेल्या सिलिंडरवर हा कोड चिकटवला जाईल आणि नव्या सिलिंडरवर तो वेल्डिंगने बसवला जाईल, असे त्यांनी सांगितले होते. पहिल्या टप्प्यात असे २० हजार सिलिंडर आले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये वाणिज्य व उद्योगमंत्री पीयूष गोयल यांनी गॅस सिलिंडर नियमांच्या मसुद्यात क्यूआर कोडचा प्रस्ताव असल्याचे सांगितले. हे नियम राबवणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरात आहे. चर्चा झाली ती मोबाइलवर सिलिंडरची कुंडली पाहता येण्याच्या सोयीची. ‘चिकटवणे’ आणि ‘वेल्डिंग करणे’ हे दोन शब्द मात्र मागे राहिले. खरा प्रश्न तिथेच आहे. छापील कोड असो वा रेडिओलहरींवर चालणारी आरएफआयडी चिप, ती सिलिंडरला किती पक्की जोडलेली आहे यावरच तिच्यातील माहितीचा भरवसा ठरतो.

सिलिंडरला ओळख कशासाठी?

देशात घरगुती गॅसच्या जोडण्या ३३ कोटींच्या आसपास आहेत. त्यांतील १० कोटींहून अधिक उज्ज्वला योजनेतील आहेत. ग्राहक अनामत रक्कम भरतो, पण सिलिंडरची मालकी कंपनीचीच राहते. रिकामा देऊन भरलेला घ्यायचा, या पद्धतीमुळे आज एका घरात असलेला सिलिंडर पुढच्या महिन्यात दुसऱ्याच तालुक्यात असू शकतो. स्वतःच्या दुचाकीचा इतिहास जसा मालकाला माहीत असतो, तसा स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा कुणालाच माहीत नसतो. तो किती वर्षांचा आहे, कितीदा आदळला, शेवटची चाचणी कुठे झाली, हे ग्राहकाला सांगता येत नाही.

काही माहिती सिलिंडरवरच असते. अनुक्रमांक आणि रिकाम्या सिलिंडरचे वजन त्यावर कोरलेले असते. वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या वर्षाच्या त्या तिमाहीत सिलिंडर पुन्हा चाचणीला जायला हवा. नव्या सिलिंडरची पहिली फेरतपासणी दहा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी होते. त्या वेळी आत पाणी भरून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २५ किलो इतका दाब दिला जातो. जो टिकत नाही, तो चेपून किंवा कापून कायमचा बाद करायचा असतो.

पण ही अक्षरे रंगाने लिहिलेली असतात आणि रंग कुणालाही मारता येतो. मोबाइलवर येणारा वितरण संकेतांकही इथे उपयोगी पडत नाही. सिलिंडर योग्य ग्राहकाला मिळाला, एवढेच त्यातून सिद्ध होते. नेमका कोणता सिलिंडर मिळाला, हे त्याला ठाऊक नसते. ती उणीव इलेक्ट्रॉनिक ओळख भरून काढू शकते.

बिल्ला बदलला तर काय होते?

बॉटलिंग प्रकल्पात एका मोठ्या फिरत्या चक्रावर सिलिंडर रांगेने भरले जातात. प्रत्येक सिलिंडरचे रिकामे वजन थोडे वेगळे असते. ते वाचून कामगार यंत्रात भरतो आणि त्यात १४.२ किलोची भर पडेपर्यंत यंत्र गॅस सोडते. हजारो सिलिंडर समोरून जात असताना गंजलेल्या कड्यावरचा एखादा आकडा चुकीचा वाचला जाणे शक्य आहे. चिपमधून हे वजन आपोआप वाचले गेले, तर ही चूक टळते. या तंत्राचा हा सर्वांत मोठा, पण क्वचितच सांगितला जाणारा फायदा आहे.

आता उलटी बाजू पाहू. समजा, १६.२ किलो वजनाच्या सिलिंडरचा बिल्ला निघाला आणि तो १५.२ किलोच्या सिलिंडरवर बसला. यंत्राला एकूण ३०.४ किलो वजन गाठायचे आहे. त्यामुळे हलक्या सिलिंडरमध्ये १५.२ किलो, म्हणजे एक किलो जास्त गॅस जाईल. भरल्यानंतर वजन पुन्हा तपासणारा काटाही त्याच बिल्ल्यावरचा आकडा वाचत असेल, तर त्यालाही सारे ठीकच दिसेल. बिल्ल्यांची अदलाबदल उलट दिशेने झाली, तर ग्राहकाला एक किलो गॅस कमी मिळेल आणि नोंदीत सारे बिनचूक असेल.

जादा गॅस म्हणजे ग्राहकाचा फायदा नव्हे. या सिलिंडरची क्षमता ३३.३ लिटर पाण्याएवढी असते. आतला द्रवरूप गॅस उष्णतेने प्रसरण पावतो, म्हणून वर काही जागा मुद्दाम मोकळी ठेवली जाते. जादा भरण्याने हीच राखीव जागा कमी होते. सिलिंडर उन्हात किंवा आगीजवळ राहिला आणि द्रवाने ती जागा पूर्ण व्यापली, तर दाब झपाट्याने वाढतो. बिल्लाच नसता, तर कामगाराने निदान कोरलेला आकडा पाहिला असता. सुटून दुसरीकडे बसू शकणारा बिल्ला म्हणूनच बिल्ला नसण्यापेक्षा धोक्याचा ठरतो.

पशुपालकांना ही गोष्ट नव्याने सांगावी लागणार नाही. जनावराच्या कानातला बिल्ला नसेल, तर विम्याचा दावा नाही, असा पशुविम्याचा नियम आहे. तिथे सारा भरवसा बिल्ला कानातच राहण्यावर असतो. मोटारीच्या काचेवरचा फास्टॅगही सोलून काढला, तर निकामी व्हावा अशा बेताने बनवलेला असतो. सिलिंडरच्या बाबतीतही कसोटी हीच आहे. बिल्ला फुटला तरी चालेल, पण अखंड सुटून येता कामा नये.

लोखंडावर चिप का चालत नाही?

फास्टॅगसारखी चिप थेट सिलिंडरवर चिकटवली, तर ती बहुधा वाचताच येणार नाही. अशा चिपमध्ये बॅटरी नसते. वाचक यंत्राने सोडलेल्या रेडिओलहरींतूनच तिला ऊर्जा मिळते आणि तिचा छोटा अँटेना उत्तर परत पाठवतो. पोलादाचा पत्रा या लहरी परतवतो आणि अँटेनाचा मेळ बिघडवतो. म्हणून धातूसाठीच्या खास चिपमध्ये अँटेना आणि पत्रा यांच्यात फेराइटचा किंवा अन्य पदार्थाचा थर द्यावा लागतो. कमी कंप्रतेच्या चिपला धातूचा त्रास कमी होतो, पण ती काही सेंटिमीटरवरूनच वाचता येते. उच्च कंप्रतेची चिप काही मीटरवरून वाचली जाते, मात्र धातूपुढे तीच जास्त अडते.

थर दिला की चिप जाड होते. जाड वस्तू पत्र्यावर उठून दिसते आणि ट्रकमधून उतरवताना, फरशीवरून गडगडत नेताना पहिला मार तिलाच बसतो. चांगली वाचता यावी म्हणून चिप बाहेर हवी आणि टिकावी म्हणून आडोशाला हवी, अशी ही ओढाताण आहे. क्यूआर कोडला रेडिओलहरींची अडचण नाही आणि तो कोणत्याही मोबाइलवर वाचता येतो, हे त्याचे बळ. पण तो स्वच्छ राहावा लागतो आणि एका छायाचित्रावरून त्याच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात.

मग जोडायचे कुठे?

गॅसचा दाब पेलणाऱ्या भिंतीला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. तिला भोक पाडणे तर सोडाच, पण मनमानी वेल्डिंगही धोक्याचे असते. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाची घडण बदलते आणि तिथे ते कमकुवत होऊ शकते. म्हणूनच सिलिंडर तयार होताना वेल्डिंगनंतर त्यावर उष्णतेची प्रक्रिया करतात. ती उष्णता चिप सोसू शकत नाही.

यातून सुरक्षित जागा दोनच उरतात. एक बुडाचे कडे आणि दुसरी व्हॉल्व्हभोवतीचे वरचे कडे. हे दोन्ही भाग गॅसचा दाब पेलत नाहीत. बुडाच्या कड्याला पाणी, चिखल आणि आदळआपट यांचा त्रास जास्त. वरचे कडे त्या मानाने सुरक्षित आणि वाचायलाही सोपे. कारखान्यात या कड्याला आधीच एक लहानशी खाच करून ठेवायची. उष्णतेची प्रक्रिया आणि रंगकाम झाल्यावर तिच्यात चिप बसवून रिव्हेट किंवा कडक होणाऱ्या रेझिनने ती बंद करायची. नव्या सिलिंडरसाठी हा मार्ग समजण्याजोगा आहे.

कठीण प्रश्न आहे तो आज फिरत असलेल्या कोट्यवधी सिलिंडरचा. त्यांच्यावर तेलकट मळ, गंज आणि रंगाचे थर असतात. अशा रंगावर चिकटवलेला कोड खरे तर रंगालाच चिकटलेला असतो. रंगाचा पापुद्रा निघाला की तोही निघतो. फेरतपासणीच्या वेळी पोलादी छऱ्यांचा मारा करून जुना रंग काढतात, त्यातही तो टिकणार नाही. म्हणून जुन्या सिलिंडरना बिल्ला लावण्याची योग्य वेळ फेरतपासणीचीच आहे. तेव्हा पत्रा उघडा असतो, अनुक्रमांक पुन्हा पडताळला जातो आणि काम प्रशिक्षित हातांत असते. यात सर्व सिलिंडर व्हायला काही वर्षे लागतील. गोदामात घाईने चिकटवलेल्या कोडपेक्षा ही संथ वाट अधिक खात्रीची आहे.

ऑक्सिजनची गोष्ट वेगळी का?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये वैद्यकीय ऑक्सिजनसाठी सिलिंडर कमी पडू लागले. तेव्हा आर्गॉन आणि नायट्रोजनचे औद्योगिक सिलिंडर तात्पुरते ऑक्सिजनसाठी वापरण्यास परवानगी द्यावी लागली. काळे अंग आणि पांढरा खांदा ही आपल्याकडे ऑक्सिजन सिलिंडरची ओळख. पण आधी त्यात काय होते, तो आतून साफ केला का, व्हॉल्व्ह बदलला का, हे रंग सांगत नाही. रुग्णाच्या नाकाशी जाणाऱ्या वायूबाबत हा तपशील जीवनमरणाचा आहे.

हे सिलिंडर सांधेविरहित पोलादाचे असतात आणि त्यांतील दाब वातावरणाच्या सुमारे दीडशे पट असतो. त्यांच्या अंगावर वेल्डिंगचा विचारही करता येत नाही. शिवाय ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेल किंवा ग्रीस पेट घेऊ शकते, त्यामुळे व्हॉल्व्हच्या तोंडाजवळ वाटेल तो चिकटपदार्थ वापरता येत नाही. यावरचा उपाय साधा आहे. चिप असलेली कडी सिलिंडरच्या मानेत घालायची आणि वरून व्हॉल्व्ह आवळायचा. व्हॉल्व्ह काढल्याशिवाय ही कडी निघत नाही आणि तो काढण्याचे काम अधिकृत तपासणी केंद्राचे असते. गॅस सिलिंडरवरील रेडिओ ओळखीसाठी आयएसओ २१००७ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. ठरावीक रचनेत माहिती असली, तर एका कंपनीचा सिलिंडर दुसऱ्या ठिकाणीही वाचता येतो.

बिल्ला लावला की काम संपले?

नाही. बिल्ला वाचून कुणी काही नाकारले, तरच त्याला अर्थ आहे. पेरूमध्ये सीएनजी वाहनांवर चिप असते. वाहनाची तपासणी मुदतीत झालेली नसेल, तर पंपावरचे यंत्र गॅस सोडतच नाही. निर्णय कर्मचाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. आपल्याकडे सीएनजी वाहनांच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी बंधनकारक आहे, पण पंपावर पडताळणी होते ती पट्टी पाहून. घरगुती सिलिंडरसाठीही असाच दरवाजा बॉटलिंग प्रकल्पात हवा. मुदत संपलेला, बिल्ला फुटलेला किंवा एकाच क्रमांकाने दोन ठिकाणी दिसलेला सिलिंडर यंत्राने आपोआप बाजूला काढला पाहिजे.

त्याच वेळी फुटलेल्या बिल्ल्याचा भुर्दंड ग्राहकावर पडता कामा नये. सिलिंडर कंपनीचा आहे, हाताळणी वितरकाची आहे. ‘कोड वाचला जात नाही’ या सबबीवर खेड्यातल्या एखाद्या बाईला भरलेला सिलिंडर नाकारला गेला, तर तिला पुन्हा चुलीकडे वळावे लागेल. सुरक्षिततेसाठी आणलेली व्यवस्था तिच्या फुप्फुसांवरच उलटेल. बिल्ला वाचता येत नसेल, तर ग्राहकाला लगेच दुसरा सिलिंडर आणि सदोष सिलिंडर तपासणीला, असा नियम स्पष्ट असायला हवा. नवा बिल्लाही फक्त तपासणी केंद्रातच, कोरलेला अनुक्रमांक पाहून बसवला जावा.

तोवर ग्राहकाच्या हातात जुनीच साधने आहेत. सिलिंडर घेताना पट्टीवरचे अक्षर व वर्ष पाहावे, मुदत उलटली असेल तर तो परत करावा. वजन दाराशीच करून मागावे, तो ग्राहकाचा हक्क आहे. क्यूआर कोड असेल, तर तो वाचून मोबाइलवर येणारा अनुक्रमांक सिलिंडरवर कोरलेल्या अनुक्रमांकाशी जुळतो का, हेही पाहावे. दोन आकडे जुळले नाहीत, तर भरवसा कोरलेल्या आकड्यावर ठेवावा आणि तक्रार नोंदवावी.