राख आमच्या छातीत, मोजमाप कुणाच्या हाती?

 

1956 साली नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी आपल्या चंद्रपुरात दीक्षा दिली. या दिवसांत दीक्षाभूमीवर आलेलं माणूस रिकाम्या हातानं परत जात नाही. पोटाला चिमटा काढून का होईना, एखादं पुस्तक घेतंच. त्या पुस्तकात हे पत्रक घालून घरी न्या. घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल तर त्याला वाचायला द्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. गोष्ट त्या पोराच्या शिक्षणाची आहे आणि आपल्या सगळ्यांच्या छातीत जाणाऱ्या राखेची आहे.

मी या जिल्ह्यात पर्यावरणशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गातली एक मुलगी उघड्या कोळसा खाणीला लागून असलेल्या गावची. तिच्या घरी धुतलेले कपडे अंगणात वाळत घालत नाहीत. पाण्याच्या गुंडावर दुहेरी फडकं असतं. ब्लास्टिंगची वेळ झाली की तिची आजी भिंतीवरचा आरसा काढून गादीवर ठेवते. धूळ म्हणजे काय, हे त्या मुलीला शिकवायची मला गरज पडली नाही. मी फक्त आकडे शिकवले. दहा मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धूलिकण चोवीस तासांत सरासरी घनमीटरला 100 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नयेत, वर्षाच्या सरासरीत 60च्या वर जाऊ नयेत, असं 2009 चं राष्ट्रीय मानक सांगतं. तिनं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "सर, हे आमच्या गावालाही लागू आहे का?"

लागू आहे. पण त्या गावात मोजायला कोण जातं?

नव्या शैक्षणिक धोरणानं एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आणली. चार क्रेडिट, 120 तास प्रत्यक्ष काम. मुलीला हवेवरच काम करायचं होतं. तिनं ठिकठिकाणी अर्ज केले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका मोठ्या शहरातल्या संस्थेतून फोन आला: दोन महिने यावं लागेल, मानधन नाही, राहण्याची सोय तुमची तुम्ही बघा, लॅपटॉप स्वतःचा आणा, प्रमाणपत्र देऊ. तिची आई एवढंच म्हणाली, "बाई, तिथं राहाचं कोठी अन् खाचं काय?" मुलीनं शेवटी इथल्याच एका कार्यालयात फायलींवर नंबर टाकून 120 तास भरले. चार क्रेडिट मिळाले. हवा मोजायचं यंत्र तिनं अजून हातात धरलेलं नाही.

फोनवरच्या त्या अटी ज्याला परवडल्या, असा दुसरा कुणी मुलगा त्या जागेवर गेला असेल. त्याच्यावर माझा राग नाही. पण दहा वर्षं पुढं बघा. 'अनुभव' या रकान्यात त्याच्याकडे लिहायला बरंच काही असेल. एखाद्या सल्लागार कंपनीत बसून खाणीच्या विस्ताराचा पर्यावरण आघात अहवाल तो लिहील, आणि त्या अहवालात आमच्या मुलीचं गाव 'बाधित' या तक्त्यातली एक ओळ असेल. ज्यांनी राख खाल्ली ते तक्त्यात, ज्यांच्या घरी पैसा होता ते तक्ता लिहिणारे. ही वाटणी गुणवत्तेनं केलेली नाही. दोन महिन्यांचं खोलीभाडं कुणाला परवडतं, यावर ती झाली आहे. म्हणून आम्ही स्पष्ट म्हणतो की फुकट इंटर्नशिप हा गरिबांच्या पोरांना बाहेर ठेवणारा दरवाजा आहे, आणि जी संस्था 'न्याय' हा शब्द आपल्या पाटीवर लिहिते तिच्या दाराला तो शोभत नाही.

काम घ्यायचं तर दाम द्यायचा, हे महाराष्ट्राला कुणी नव्यानं शिकवायला नको. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी याच राज्यात उभी राहिली. 2025-26 साली महाराष्ट्रात रोहयोची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली. ओजेटीचे 120 तास म्हणजे आठ तासांचे पंधरा दिवस. त्या दरानं खडी फोडणाऱ्याला पंधरा दिवसांचे 4,680 रुपये मिळतात. पदवी घेतलेल्या, नमुने गोळा करणाऱ्या, आकडे मांडणाऱ्या मुलीला शून्य. 2024 मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली आणि पदवीधर प्रशिक्षणार्थ्याला महिना 10,000 रुपये विद्यावेतन ठरवलं. म्हणजे शिकाऊ माणसाच्या कामालाही किंमत आहे, हे सरकारला मान्य आहे. पण ज्यांचं शिक्षण चालू आहे त्यांच्यासाठी ती योजना नाही, आणि ओजेटीची सक्ती तर नेमकी त्यांच्यावरच आहे.

आज जिथं आपण जमलो आहोत, तिथं आणखी एक आठवण काढायला हवी. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि तो कोलंबिया विद्यापीठात गेला. पोटाची सोय झाली म्हणून ग्रंथालयात बसता आलं. पुढं लंडनचं शिक्षण पुरं करायला शाहू महाराजांची मदत झाली. त्या तरुणानं 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पर्यावरणीय न्याय हा शब्द आज अभ्यासक्रमात येतो तेव्हा 1982 मधल्या अमेरिकेतल्या वॉरन काउंटीचा दाखला देतात. तिथं कृष्णवर्णीय वस्तीत विषारी माती पुरायला लोकांनी विरोध केला आणि पाचशेहून अधिक जण अटकेत गेले. तो लढा मोठाच आहे. पण पाणी कुणाचं आणि घाण कुणाच्या दारात, हा प्रश्न आपण त्याच्या 55 वर्षं आधी तळ्याच्या पायरीवर उभे राहून विचारला होता. त्याच 1927 पासून मुंबईचा कचरा देवनारच्या कचराभूमीवर पडतो आहे. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात ज्या एम-पूर्व विभागाचा क्रमांक सगळ्यात खाली लागला, त्याच विभागात हे देवनार येतं.

आता आपल्याकडे या. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र 2,920 मेगावॅटचं. आपल्या कोळशातली राख तीस-चाळीस टक्के. भोवती कोळसा खाणी, सिमेंट कारखाने, कागद कारखाना. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 मध्ये देशभरातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला 83.88 मिळाले. अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद, आणि चौथे आपण. जानेवारी 2010 मध्ये नव्या प्रकल्पांवर बंदी घालावी लागली. एवढ्या मोठ्या प्रश्नाच्या पोटात राहणाऱ्या जिल्ह्यात हवा, पाणी, राख यांवर काम करणारे शेकडो तरुण तयार व्हायला हवे होते. ते आहेतही. त्यांच्या प्रवासभाड्याची सोय नाही.

पैसा नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. 2015 साली खाण कायद्यात कलम 9ब आलं आणि प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झालं. जुन्या खाणींकडून रॉयल्टीच्या 30 टक्क्यांइतकी आणि लिलावात दिलेल्या नव्या खाणींकडून 10 टक्क्यांइतकी रक्कम त्यात जमा होते. ही रक्कम कशासाठी? कायदा सांगतो: खाणीमुळे बाधित झालेल्या व्यक्तींच्या आणि क्षेत्राच्या हितासाठी. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेनं 2015 मध्येच ठरवून दिलं की किमान 60 टक्के निधी पिण्याचं पाणी, प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण, कौशल्य विकास अशा अग्रक्रमाच्या कामांवर जावा. प्रदूषणही त्यात आहे, शिक्षणही त्यात आहे. बाधित गावच्या मुलानं आपल्या गावाचं प्रदूषण मोजायला शिकावं, यापेक्षा या यादीत चपखल बसणारं काम मला तरी दाखवता येत नाही.

हिशेब साधा आहे. शंभर विद्यार्थी, सहा महिने, महिना 10,000 रुपये. होतात 60 लाख. कोट्यवधी जिथं जमा होतात तिथं ही रक्कम एखाद्या सभागृहाच्या बांधकामापेक्षा जास्त नाही.

कुणी म्हणेल, कंपन्यांचा सीएसआर आहे की. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायला सांगितलं आहे. त्यातून शिवणयंत्रं येतात, वह्या येतात, रोपं येतात. आमचा त्याला विरोध नाही. पण हवेच्या अभ्यासासाठी तो पैसा आम्हाला थेट नको, आणि याचं कारण पालकांनी नीट समजून घ्यावं. ज्या चिमणीची राख मोजायची, तिच्याच मालकाकडून महिन्याचा पगार घेतला तर आकडा खरा आला तरी गाव विश्वास ठेवणार नाही. आणि आकडा वाईट आला तर पुढच्या महिन्याचा पगार येईल का, ही भीती पोराच्या मनात राहील. खनिज प्रतिष्ठानचा निधी वेगळा आहे. तो कुणाच्या मर्जीवर येत नाही, कायद्यानं येतो. जमीन आपली खणली गेली, छाती आपली भरली, त्याचा तो मोबदला आहे. तो मागताना हात पसरायचा नसतो, कागद पुढं करायचा असतो.

मुलं करतील काय, हेही विचारलं जातं. खूप काही. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पानं दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो आणि तो लोकांसाठी खुला असतो. कागदावर लिहिलेलं असतं: रस्त्यावर पाणी मारतो, ट्रक झाकतो, हरितपट्टा लावला. हे खरं आहे का, हे बघायला त्या रस्त्यावर रोज चालणारा मुलगा लागतो. जनसुनावणीआधी तीस दिवसांची मुदत असते, मराठीत सारांश मिळतो, पण शेकडो पानांचा मूळ पर्यावरण आघात अहवाल इंग्रजीत असतो. तो वाचून ग्रामसभेत मराठीत, आणि जिथं लागेल तिथं गोंडीत, समजावून सांगणं हे सहा महिन्यांचं भरगच्च काम आहे. वरोरा-राजुरा-कोरपना पट्ट्यातल्या पाण्यातल्या फ्लोराइडची विहीरवार नोंद कुणी ठेवायची? राखेच्या बंधाऱ्यांवर पावसाळ्यात नजर कुणी ठेवायची? जुलै 2022 मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राख शेतांत आणि नदीत गेली. अशा वेळी राखेची पातळी आधीपासून लिहून ठेवणारं एखादं पोरगं गावात असावं, एवढीच आमची मागणी आहे.

"विद्यार्थ्यांच्या मोजमापाला शास्त्रीय किंमत नसते", असा आक्षेप आम्ही समोरासमोर ऐकला आहे. त्याचं उत्तर मेंढा (लेखा) गावानं फार पूर्वी दिलं. गडचिरोलीतल्या त्या गोंड गावानं अभ्यासगट बसवले, जंगल स्वतः समजून घेतलं, आणि 2009 साली 1,809 हेक्टरचा सामूहिक वनहक्क मिळवला. 2011 मध्ये आपल्या बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही हातात घेतला. तिथं अभ्यास हेच लढ्याचं हत्यार होतं. आणि आमची मुलं तर रीतसर प्रयोगशाळेत शिकतात. त्यांना यंत्र द्या, मार्गदर्शक द्या, नमुन्यांची फेरतपासणी करा. मग आकडे बोलतील.

शिष्यवृत्तीबद्दल एक गोष्ट तळमळीनं सांगायची आहे. कागदावर योजना पुष्कळ आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, स्वाधार आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम् आहे. पण हप्ता उशिरा आला की पोरगं मधल्या काळात शिक्षण सोडून ठेकेदाराकडे जातं, आणि एकदा गेलं की बहुतेक वेळा परत येत नाही. मी हे वर्गात दरवर्षी बघतो. हजेरीपटावरचं नाव दिवाळीनंतर बंद होतं. म्हणून विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा झालं पाहिजे. सहा महिन्यांनी एकरकमी मिळालेल्या पैशानं मागच्या महिन्यांची मेस भरता येत नाही.

बोलणं पुरे. येत्या 26 जानेवारीला आपापल्या ग्रामसभेत खालचा ठराव मांडा. हा भाग कापून ठेवा, आकडे आपल्या गावाप्रमाणे बदला, आणि मंजूर ठरावाची नक्कल जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या.

ठराव: आमचं गाव खाणबाधित आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून आमच्या गावातल्या, पदवी व पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या ___ विद्यार्थ्यांना हवा, पाणी, राख व पर्यावरण मंजुरीच्या अटी यांच्या अभ्यासासाठी सहा महिने दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन द्यावं. ते दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत खात्यात जमा करावं. निवडीत भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि विस्थापित कुटुंबांतल्या मुलामुलींना प्राधान्य द्यावं. मार्गदर्शन विद्यापीठाचं असावं, कोणत्याही खाण वा कारखाना कंपनीचं नसावं. या कामाला ओजेटीचे क्रेडिट मिळावेत. प्रत्येक अहवाल मराठीत ग्रामसभेसमोर वाचला जावा. लाभार्थ्यांची आणि खर्चाची यादी प्रतिष्ठाननं नियमाप्रमाणे संकेतस्थळावर टाकावी आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.

सूचक ____________
अनुमोदक ____________
गाव ____________ तालुका ____________