रक्ताच्या थेंबापासून पहिल्या डोसापर्यंत : अर्भके व किशोरवयीनांच्या एचआयव्ही उपचारांबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रकल्प संचालक,
महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था,
वडाळा, मुंबई

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : अर्भकांच्या एचआयव्ही निदानापासून उपचारापर्यंतचा कालावधी दिवसांत बांधून देणे व किशोरवयीन मुलांचे उपचार खंडित होऊ न देणे याबाबत.

महोदय,

एचआयव्हीबाधित आईच्या बाळाची चाचणी झाली की नाही, हे मासिक अहवालात येते आणि यायलाच हवे. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. बाळाच्या टाचेतून रक्त घेतले त्या दिवसापासून, लागण आढळलेल्या बाळाला औषधाचा पहिला डोस मिळाला त्या दिवसापर्यंत, किती दिवस गेले? चाचण्यांची संख्या कितीही भरली, तरी हे दिवस लांबले तर त्या चाचणीचा बाळाला उपयोग होत नाही. म्हणून बालकांसाठीच्या कार्यक्रमाचे मूल्यमापन या एका आकड्यावर व्हावे आणि तो आकडा दर तिमाहीला जिल्हावार लोकांसमोर ठेवला जावा, ही आमची मुख्य मागणी आहे. पुढे जे मांडले आहे ते तिच्या समर्थनार्थ.

मोठ्या माणसाच्या शरीरात हा विषाणू वर्षानुवर्षे दबून राहू शकतो. अर्भकात तसे होत नाही. उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसाच्या आत आणि निम्म्याहून अधिक दुसऱ्या वाढदिवसाच्या आत दगावतात, हे आफ्रिकेतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून २००४ सालीच पुढे आले होते. त्यानंतर केपटाउन व सोवेटो येथे झालेल्या ‘चेर’ चाचणीत ६ ते १२ आठवड्यांच्या बाधित बाळांच्या एका गटाला लगेच औषध सुरू करण्यात आले, तर दुसऱ्या गटात लक्षणे दिसेपर्यंत किंवा सीडी४ पेशी घसरेपर्यंत थांबण्यात आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लगेच उपचार मिळालेल्या गटातील मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी होते. त्या अभ्यासात थांबणे ही काही हयगय नव्हती, त्या काळातील मान्य पद्धत होती, आणि तीही एवढी महाग पडली. मग टपालात, नोंदवहीत आणि पत्त्याच्या शोधात जाणाऱ्या दिवसांचे समर्थन कशाच्या आधारे करणार?

हे दिवस नेमके कुठे जातात ते पाहू. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात आणि १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे त्याआधी मोठ्यांची रॅपिड चाचणी बाळाच्या निदानाला पुरत नाही, प्रत्यक्ष विषाणूचा जनुकीय अंश शोधावा लागतो. सहा आठवड्यांच्या लसीकरणाच्या सुमारास बाळाची टाच पुसून टोचायची, पहिला थेंब कापसाने टिपून टाकायचा, पुढचे थेंब गाळण कागदावरच्या पाच वर्तुळांत भरायचे, कागद आडवा ठेवून सावलीत वाळवायचा आणि ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद करून प्रयोगशाळेकडे रवाना करायचा. आयसीटीसीतील (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रातील) तंत्रज्ञ आणि समुपदेशक हे काम नेटाने करतात. खोळंबा होतो तो त्यानंतर. पाठवण्याजोगे नमुने साठेपर्यंत थांबणे, वाहतूक, तपासणीची पाळी, निकालाचा परतीचा प्रवास, आईचा बंद लागणारा फोन आणि शेवटी एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्राची तारीख. यातला कोणताही एक टप्पा फार मोठा नसतो, आणि म्हणूनच एकूण विलंबाची जबाबदारी कोणाच्याच नावावर पडत नाही.

हा विलंब अटळ नाही. क्षयरोगासाठी घेतलेल्या सीबीनॅट यंत्रावर वेगळे कार्ट्रिज लावून अर्भकाची एचआयव्ही चाचणी सुमारे दीड तासात होते, आणि त्या चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये पूर्वमान्यता दिली आहे. मोझांबिकमधील आरोग्य केंद्रांत जागेवरच्या चाचणीची तुलना प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याच्या पद्धतीशी करण्यात आली. जागेवर निकाल मिळालेल्या बाधित बाळांपैकी जवळजवळ ९० टक्के बाळांवर ६० दिवसांच्या आत उपचार सुरू झाले, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास राहिले. औषधे दोन्हीकडे तीच होती. फरक पडला तो आई समोर बसलेली असताना निकाल हातात येण्याने.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो. गर्भवतींना २०१४ पासून आजीवन एआरटी देण्याचे धोरण आल्यावर बाधित बाळांची संख्या घटली, मग इतक्या थोड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? संख्या घटली हे कार्यक्रमाचे यश आहे आणि आम्ही ते मनापासून मान्य करतो. परंतु थोडी बाळे आहेत म्हणूनच प्रत्येकाचा माग ठेवणे आता आवाक्यात आले आहे. २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सर्वाधिक, सुमारे ३.९४ लाख एचआयव्हीबाधित व्यक्ती महाराष्ट्रात आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्याकडे संपलेला नाही. जगाचा हिशेब पाहिला तर २०२३ मध्ये एकूण बाधितांत १४ वर्षांपर्यंतची मुले ३ टक्के होती, एड्सने झालेल्या मृत्यूंत मात्र १२ टक्के. यंत्रांचे म्हणाल, तर नवी खरेदी आम्ही मागत नाही. ती क्षयरोग कार्यक्रमाच्या जडसंग्रह नोंदवहीत आहेत, एवढ्यासाठी अर्भकाचा नमुना शेकडो किलोमीटर पाठवू नये. सर्वच तालुक्यांना हे परवडणार नाही, हेही खरे. म्हणून बाधित गर्भवतींची संख्या जास्त असलेल्या जिल्ह्यांत अशी चाचणी सुरू करून नमुना ते पहिला डोस ही मुदत ७ दिवसांची ठरवावी. इतरत्र नमुना साठवून न ठेवता दर आठवड्याला पाठवावा आणि मुदत २८ दिवसांची असावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो वैद्यकीय आहे. लागणीचे प्रमाण जसजसे घटते, तसतसा ‘पॉझिटिव्ह’ निकालांत चुकीच्या निकालांचा वाटा वाढतो. निरोगी बाळाला आयुष्यभराची औषधे लागली तर? ही भीती रास्त आहे. पण त्यावरचा मार्ग ठरलेला आहे. पहिला निकाल येताच दुसरा, स्वतंत्र नमुना घ्यावा, त्याच वेळी उपचार सुरू करावेत आणि दुसरा निकाल निराळा आला तर तज्ज्ञांनी फेरविचार करावा. काही आठवडे अनावश्यक औषध घेतल्याने होणारे नुकसान आणि बाधित बाळाला काही आठवडे औषधाविना ठेवण्याने होणारे नुकसान एका पारड्यात तोलता येत नाही. दुसऱ्या बाजूला, सहा आठवड्यांचा ‘निगेटिव्ह’ निकाल हाही अखेरचा नव्हे. स्तनपान चालू असेपर्यंत जोखीम उरते, म्हणून सहाव्या आणि बाराव्या महिन्याच्या चाचण्या आणि १८ महिन्यांची अंतिम चाचणी यांचीही तीच काटेकोर नोंद हवी.

‘आयाच बाळांना आणत नाहीत’ हे उत्तर आम्हांला मान्य नाही. बीडहून ऊसतोडीसाठी कोयता घेऊन निघालेली बाई दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर-सांगलीच्या फडात पोहोचते. तिच्या बाळाचा नमुना गावाकडे घेतला असेल, तर निकालही गावाकडेच येतो. उचल घेतलेल्या जोडप्याने एक दिवस कोयता खाली ठेवला तर खाडा पडतो, आणि रजा मागायची म्हणजे मुकादमाला कारण सांगायचे. हंगामभर ती कुठे असणार हे गावच्या आशाताईंना ठाऊक असते, कारखान्यालाही असते. नसते ते फक्त आपल्या यंत्रणेला. एचआयव्ही कार्यक्रमाच्या ‘सोच’ या संगणकीय प्रणालीत बाळाची नोंद एका केंद्राकडून दुसऱ्याकडे सोपवता येते. तेव्हा बाधित गर्भवती स्थलांतरित होणार असेल तर प्रसूतीपूर्वीच मुक्कामाच्या जिल्ह्यातील समुपदेशकाचे नाव ठरवावे आणि निकाल दोन्हीकडे कळवावा. मात्र कारखान्यावरच्या आरोग्य शिबिरात एचआयव्हीचे वेगळे टेबल मांडू नये. बाळाचे निदान म्हणजे आईचेही निदान उघड होणे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ ने गोपनीयतेची हमी दिली आहे, ती लसीकरणाच्या रांगेतही पाळली गेली पाहिजे.

औषधांबाबत थोडक्यात सांगतो. कडू, मद्यार्कयुक्त आणि थंड जागी जपावे लागणारे लोपिनाव्हिरचे सिरप २०१७ मध्ये तुटवड्यात सापडले, तेव्हा मुलांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले होते. आता डोल्यूटेग्राव्हिरची पाण्यात विरघळणारी १० मिलिग्रॅमची गोळी आहे, ती भारतीय कारखान्यांतच तयार होते आणि चार आठवड्यांवरील व किमान तीन किलोच्या बाळाला देता येते. पण तिचा डोस वजनावर ठरतो. ३ ते ६ किलोच्या बाळाला अर्धी गोळी, ६ किलो ओलांडताच दीड. म्हणजे दर भेटीला वजन न करता मागचीच चिठ्ठी पुढे चालवली, तर वाढत्या बाळाला अपुरे औषध मिळते. प्रत्येक एआरटी व लिंक एआरटी केंद्रावर चालू स्थितीतला बाळकाटा असावा आणि बालकांच्या औषधांचा किमान तीन महिन्यांचा साठा असावा.

अर्भकावस्थेत निसटलेली मुले पुढे कुठे सापडतात? वारंवारच्या न्यूमोनियात, क्षयरोगात, पोषण पुनर्वसन केंद्रात वजन न वाढणाऱ्यांत. तेथे पालकांच्या संमतीने चाचणीचा पर्याय नेमाने दिला जावा, आणि बाधित मातेच्या सर्व मुलांची, थोरल्यांचीसुद्धा, चाचणी पूर्ण व्हावी. या मुलांपैकी जी किशोरवयात पोहोचली, त्यांना आपण कशासाठी गोळ्या घेतो हे पुष्कळदा सांगितलेलेच नसते. ‘मूल खचेल’ ही पालकांची भीती समजण्याजोगी आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटना शालेय वयातच, समजेल अशा टप्प्यांनी सांगण्याचा सल्ला देते. शिवाय २०१७ च्या याच कायद्याने, कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्या, पुरेशी समज असलेल्या १२ ते १८ वर्षांच्या मुलाला धाकट्या भावंडाचा पालक म्हणून त्याच्या उपचारांबाबत निर्णय घेण्याचा अधिकार दिला आहे. भावाच्या उपचाराचा निर्णय ज्याच्यावर सोपवता येतो, त्याच्यापासून त्याचेच निदान लपवणे विसंगत आहे. त्यासाठी प्रत्येक एआरटी केंद्रात किशोरवयीनांसाठी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, शाळा बुडणार नाही अशी रविवारची किंवा संध्याकाळची वेळ ठेवावी आणि मोठ्यांच्या विभागात नाव वर्ग केल्यानंतर वर्षभर पाठपुरावा करावा.

यांपैकी मुदतीचा आदेश, दर आठवड्याला नमुने पाठवणे आणि तिमाही आकडेवारी या तीन गोष्टींना नवी आर्थिक तरतूद लागत नाही. त्याबाबतचे परिपत्रक ऊसतोडीचा पुढील हंगाम सुरू होण्याआधी निघावे, आणि उर्वरित मागण्यांवर चर्चेसाठी क्षयरोग विभाग, माता-बालआरोग्य विभाग व जिल्हा पथकांच्या प्रतिनिधींसह आम्हांला बैठकीची वेळ मिळावी, ही विनंती.

आपले विनम्र,
बालआरोग्य क्षेत्रातील कार्यकर्ते व नागरिक