अर्धी कॅसेट लग्नाची, अर्धी गमतीची

आमगाव, सालेकसा, गोरेगाव या तालुक्यांत १९९४ पासून दहा-बारा वर्षं मी लग्नांचं शूटिंग केलं. व्हीएचएसची कॅसेट तीन तासांची. लग्न दोन-सव्वादोन तासांत आटपायचं. गिऱ्हाईकाला कापून-जोडून कॉपी दिली की मूळ कॅसेट माझ्याकडेच राहायची आणि तिच्या शेपटाकडची फीत कोरी असायची. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागली की त्या कोऱ्या फितीवर मी खडी गंमत, म्हणजे उभ्यानं रात्रभर चालणारा गाण्या-नाचाचा खेळ, उतरवायचो. अशा २९ कॅसेटी लोखंडी पेटीत आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर पेटी उघडली, तर सात कॅसेटींवर पांढरी बुरशी चढलेली.

लंडनच्या रॉक्सी क्लबात १९७७ साली पंक गाणारी पोरं जमायची. तिथं तबकड्या लावणारा डॉन लेट्स सुपर-८ कॅमेरा घेऊन त्याच गर्दीत शिरला आणि जे दिसलं ते टिपत गेला. १९७८ मध्ये त्याचीच 'द पंक रॉक मूव्ही' झाली. चित्र हलतं, अंधारतं, तरी त्या रात्री कळायला आज लोक तीच फिल्म पाहतात. खडी गमतीतल्या आमच्या शाहिरांना लग्नाच्या शूटिंगवाल्यांखेरीज असा कुणी मिळाला नाही. शहरातल्या नाट्यगृहात त्यांना जागा नव्हती, वर्तमानपत्रात त्यांचं नाव येत नव्हतं. धान कापून झालं की बांधीतच मंडप पडायचा आणि ढोलकी, तुणतुणं, झांज घेऊन माणसं रात्रभर उभी राहून गायची.

एका संग्रहाला मी माझ्या पेटीतली एक कॅसेट दाखवायला नेली होती. आवाज फाटतो, गाणं तेवढं कापून आणा, असं सांगण्यात आलं. मला ते आजही पटत नाही. दुय्यम गमतीत दोन पार्ट्या समोरासमोर असतात, एक कलगीची, एक तुऱ्याची. एका शाहिराने पुराणातला सवाल टाकला की दुसऱ्याने तिथंच, उभ्या उभ्या जवाब बांधायचा. तो वहीत नसतो. जवाब सुचेपर्यंत ढोलकीवाला ठेका वाढवत नेतो, मागून पोट्टे ओरडतात, कुणी दहाची नोट शाहिराच्या छातीला टाचतो आणि देणाऱ्याचं नाव गावासकट पुकारलं जातं. हे सगळं कापल्यावर हाती गाणं उरेल, गंमत उरणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्ह्याच्या सरकारी ग्रंथालयात एक चालू व्हीसीआर, एक कॅप्चर कार्ड, एक संगणक ठेवा आणि गावातल्या जुन्या शूटिंगवाल्यांना बोलवा. कॅसेट संगणकात घ्यायला ती जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो. तीन तासांची तर तीन तास. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्येच ते बनवणं थांबवलं. मशीन बिघडलं की सुटे भाग मोडीतल्या मशीनमधून काढावे लागतात. लग्नाचा भाग ज्या घरचा त्या घराला द्या, गमतीचा भाग शाहिराच्या घरी विचारून मगच लोकांसमोर ठेवा. झाडीपट्टीच्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंद झाला. पण खडी गमतीतले लुगडं नेसून नाचणारे कितीतरी नाच्ये आणि ढोलकीवाले आज फक्त अशा फितींवर उरले आहेत.

आता प्रत्येक पोट्ट्याच्या खिशात माझ्या त्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला कॅमेरा आहे आणि तो तीस सेकंदांची रील काढून थांबतो. यंदाच्या मंडईत एका तरी पोट्ट्याने मोबाईल बायका बसतात तिथं मागे ठेवावा, पॉवर बँक लावावी आणि सुरुवातीच्या गणापासून उजाडेपर्यंत तो बंद करू नये.

माझ्या एका कॅसेटच्या शेवटी चार मिनिटं गाणं नाहीच. उजाडलेलं आहे. लुगड्यातला नाच्या बोअरिंगवर तोंडाचा रंग धुतोय. एक म्हातारी चहाचा कप घेऊन येते आणि विचारते, "बाबू, जेवलास का गा?" तो मान हलवतो, लुगड्याच्या पदराने तोंड पुसतो, कप घेतो. ही चार मिनिटं मी कुणालाही कापू देणार नाही.