मालक बदलला, माल बदलला काय?

घरांत एखादी मोलाची वस्तु आणावयाची ठरली, म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पेढी जुनी आहे ना?" हा प्रश्न गैर नव्हे. दुकानावरील पाटी आणि गादीवर बसणारा गृहस्थ यांचें नांव जोंपर्यंत एकच होतें, तोंपर्यंत नांवावर विश्वास ठेवणें हेंच शहाणपण होतें. परंतु आज नांव हीच एक विक्रीची वस्तु होऊन बसली आहे. मुलीच्या शिक्षणासाठीं पोटाला चिमटा घेऊन लॅपटॉप आणावा, आणि कोणी सहज म्हणून जावें, "ती कंपनी आतां दुसऱ्याची झाली, पूर्वीची बांधणी आतां कोठली!" अशा वेळीं मन साशंक होतें. या शंकेंत तथ्य किती, तें आज पाहूं.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण थिंकपॅडचें. अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें १९९२ सालीं हा लॅपटॉप बाजारांत आणला. काळी चौकोनी पेटी, कीबोर्डाच्या मध्यभागीं पडद्यावरील बाण फिरविण्याची तांबडी घुंडी, आणि कणखर बांधणी, अशी त्याची ख्याति झाली. डिसेंबर २००४ मध्यें आयबीएमनें हा धंदा चीनमधील लेनोवो कंपनीस विकण्याचें जाहीर केलें. रोख रक्कम व शेअर मिळून १२५ कोटी डॉलरांचा हा व्यवहार मे २००५ मध्यें पुरा झाला, आणि 'आतां थिंकपॅड संपला' अशी हाकाटी सुरू झाली.

वस्तुस्थिति काय होती? थिंकपॅडची आंखणी जपानमधील यामातो येथील प्रयोगशाळेंत होत असे. विक्रीनंतरही अरिमासा नाइतो व त्यांचे सहकारी तेंच काम करीत राहिले. बांधणीविषयीं म्हणाल, तर आयबीएमच्या काळींच चीनमधील शेन्झेन येथें भागीदारींत चालणारा कारखाना थिंकपॅड तयार करीत होता. तोच पुढें लेनोवोकडे आला. म्हणजे आंखणारी डोकीं आणि जुळणारे हात तेच राहिले. उलट २००६ सालच्या टी-६० मध्यें धक्क्यापासून रक्षण व्हावें म्हणून आंत मॅग्नेशियमचा सांगाडाच बसविण्यांत आला.

त्याच वर्षीं पेट घेण्याच्या भीतीमुळें थिंकपॅडच्या सुमारें ५,२६,००० बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या, तेव्हां "पाहा, आम्हीं म्हटलें नव्हतें?" असें म्हणणाऱ्यांस चांगलेंच निमित्त मिळालें. परंतु त्या बॅटऱ्या सोनीच्या होत्या. त्याच सोनीच्या बॅटऱ्या डेलनें सुमारें ४१ लाख व ॲपलनें सुमारें १८ लाख परत मागविल्या होत्या. आणि या दोन कंपन्यांची तर कोणी विक्री केली नव्हती!

तथापि कांहींच बदललें नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. २०१२ सालीं सात ओळींचा जुना कीबोर्ड जाऊन सहा ओळींचा आला. त्याच सालच्या एक्स-१ कार्बनमध्यें मेमरी डाख देऊन कायमची बसविली गेली. ती वाढविण्याची वाट बंद झाली. २०१३ सालच्या टी-४४० मध्यें घुंडीजवळच्या स्वतंत्र कळा काढून टाकल्या. ग्राहकांनीं कुरकूर केली, तेव्हां २०१५ सालीं त्या परत आल्या. परंतु हे फेरफार विक्रीनंतर सात-आठ वर्षांनीं झाले आहेत, हें ध्यानांत घ्यावें. ॲपलनें २००८ सालीं मॅकबुक एअर काढल्यापासून सडपातळपणाचें वेड साऱ्या धंद्यास लागलें होतें. आणि याच लेनोवोनें २०२४ सालच्या टी-१४ ची रचना आयफिक्सिट या दुरुस्तीक्षेत्रांतील अमेरिकन कंपनीच्या सल्ल्यानें इतकी सुलभ केली, कीं तिनें त्यास दुरुस्तीच्या सोयीबद्दल १० पैकीं ९ गुण दिले. मालक एकच, चाल मात्र दोन्ही दिशांनीं!

याच्या उलट काँपॅकची कथा. २००२ सालीं ही नामांकित कंपनी एचपीमध्यें विलीन झाली, आणि पुढें तें नांव मुख्यत्वें स्वस्त मालावर दिसूं लागलें. येथें मात्र 'नांव सोनुबाई, हातीं कथलाचा वाळा' ही म्हण आठवावी. दोन्ही ठिकाणीं मालक बदलला, परंतु फळ निराळें मिळालें. लेनोवोनें नांवासह माणसें, प्रयोगशाळा व कारखाना घेऊन धंदा तसाच चालविला; काँपॅकचें नांव मात्र खालच्या पायरीवर बसविलें गेलें.

म्हणून खरेदीस जातांना मालकाचें कूळ विचारण्यापेक्षां चार गोष्टी पाहाव्यात. एकाच नांवाखालीं भारी व हलक्या अशा दोन्ही माला असतात. आपल्यापुढील यंत्र कोणत्या मालेंतील, तें आधीं विचारावें. झाकण उघडमीट करून बिजागरी सैल नाहीं ना, तें पाहावें. कीबोर्डाच्या मध्यभागीं बोटानें दाबून तो खचतो कीं काय, तें तपासावें. बॅटरी व मेमरी बदलतां येते काय, हमी किती वर्षांची, आणि दुरुस्तीची सोय आपल्या गांवीं आहे कीं नाहीं, हें लेखी घ्यावें. कष्टाचा पैसा खर्चावयाचा, तर जुन्या कीर्तीवर किंवा नव्या अफवेवर विसंबण्यापेक्षां अर्धा तास दुकानांत उभें राहिलेलें काय वाईट?