हेडलाइट मंद वाटतात? एलईडी मागवण्याआधी काच, वायर आणि झुकाव बघा

धुळे शहर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या चौफुलीवर आहे. त्यामुळे देवपूरमधल्या कुणालाही रात्रीचं ड्रायव्हिंग चुकत नाही. शिरपूरला लग्न, नरडाण्याला रात्रपाळी, साक्रीहून उशिरा परतणं, काहीतरी असतंच. समोरून नव्या एसयूव्हीचे पांढरेशुभ्र दिवे येतात आणि आपल्या दहा वर्षं जुन्या हॅचबॅकचे पिवळे हॅलोजन मेणबत्तीसारखे वाटायला लागतात. मग मोबाइलवर रील दिसतं: ‘२०,००० ल्युमेन, प्लग अँड प्ले, दीड हजारात’. बोट आपोआप ‘बाय नाऊ’कडे जातं.

तिथेच जरा थांबा, कारण हा विषय आता फक्त हौसेचा राहिलेला नाही. कर्नाटक पोलिसांनी जुलै २०२४ पासून डोळे दिपवणाऱ्या हेडलाइट्सविरुद्ध राज्यभर मोहीम काढून गुन्हे नोंदवले. कायदा तर देशभर एकच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १८२ए सांगतं की असा बदल केलेल्या गाडीच्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे दीड हजाराचा बल्ब पाच हजाराला पडू शकतो.

आधी त्या २०,००० ल्युमेनचा हिशोब करू. साध्या एच-४ हॅलोजन बल्बचा (६०/५५ वॅट) प्रमाणित उजेड लो बीमला सुमारे १,००० आणि हाय बीमला १,६५० ल्युमेन असतो. चांगला एलईडी एका वॅटमागे ढोबळ मानाने १०० ल्युमेन देतो. त्या हिशोबाने २०,००० ल्युमेनला २०० वॅट लागतील आणि अंगठ्याएवढ्या पंख्याने तेवढी उष्णता बाहेर फेकावी लागेल. बॉक्सवर वॅट किती लिहिलेत ते बघा, आकडा किती फुगवलाय ते लगेच कळेल.

बरं, समजा उजेड खरंच तिप्पट मिळाला. तरी उजेड जास्त म्हणजे लांबचं जास्त दिसतं असं नाही. हेडलाइटमधला चकचकीत वाडगा, म्हणजे रिफ्लेक्टर, हॅलोजनच्या बारीक तारेची जागा धरूनच बनवलेला असतो. तार एखादा मिलिमीटर सरकली तरी बीमचा आकार बिघडतो. एलईडीच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे बराच उजेड नको तिथे सांडतो. थोडा वर उडून समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि बराचसा गाडीच्या नाकासमोर पडतो. जवळचा रस्ता झगझगीत झाला की आपल्या डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. गाडी चालवताना मात्र ‘काय भारी उजेड’ वाटत राहतं. घोळ इथेच आहे.

रीलमधले ‘आधी-नंतर’चे व्हिडिओही जपून बघा. मोबाइलचा कॅमेरा एक्सपोजर स्वतःच बदलतो, त्यामुळे दोन शॉट्सची तुलना होतच नाही. स्वतः तपासायचं तर गाडी अंधारात भिंतीसमोर उभी करा, फोन स्टँडवर लावा, स्क्रीनवर बोट दाबून धरा आणि एक्सपोजर लॉक करून फोटो काढा. काम झाल्यावर त्याच जागेवरून, त्याच सेटिंगवर पुन्हा काढा. हा पुरावा चालेल.

उजेड जातो कुठे?

खान्देशात पहिला संशय काचेवर घ्या. काच म्हणतो खरं, पण गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांना पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक असतं. त्याच्यावरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी जळतो आणि प्लॅस्टिक पिवळं, धुरकट होतं. आपल्याकडे पारा उन्हाळ्यात ४४-४५ अंशांवर जातो आणि गाडी दिवसभर उघड्यावर, त्यामुळे हे लवकर होतं. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये मोजणी केली तेव्हा खराब झालेले जुने हेडलाइट लो बीमला नव्याच्या तुलनेत जेमतेम २२ टक्के उजेड देत होते, आणि घासून पॉलिश केल्यावर तो ७० टक्क्यांच्या आसपास गेला. बल्बला हातही न लावता तिपटीहून जास्त!

काम अवघड नाही. आजूबाजूच्या रंगावर चिकटपट्टी लावा. पाणी मारत वॉटर पेपरने घासा, आधी ८०० किंवा १००० नंबर, मग २०००, मग ३०००. नंतर पॉलिशिंग कंपाउंड, आणि शेवटी यूव्ही क्लिअर कोट. हा शेवटचा कोट टाळलात तर काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येणार. टूथपेस्टवाला उपाय फोटोपुरता छान आहे, पण त्याने कुठलाही थर परत येत नाही. सगळं सामान काही शे रुपयांत होतं.

दुसरा संशय वायरवर. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घातात बदलतो. सोप्या भाषेत, बल्बपर्यंत पोहोचणारं व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड तब्बल ३० टक्के कमी होतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा पूर्ण करंट स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून आणि बारीक वायरींमधून फिरून येतो. इंजिन आणि दिवे चालू ठेवून मल्टीमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. फरक एक व्होल्ट किंवा जास्त असेल तर आधी अर्थिंगचा गंजलेला नट साफ करून घ्या, कधीकधी तेवढ्यानेच भागतं. नाहीतर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून फ्यूज असलेलं रिले किट बसवा. त्यात करंट जाड वायरने थेट बॅटरीतून येतो आणि स्विच फक्त इशारा देतो. बल्बचा प्रकार आणि वॅट तेच राहतात. मूळ वायर कापायला मात्र देऊ नका, प्लगला प्लग जोडणारं किट मिळतं. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरलाच दाखवा.

मग बल्ब. हॅलोजन जुना झाला की हळूहळू मंदावतो, म्हणून दोन्ही बाजूंचे एकदमच बदला, नावाजलेल्या कंपनीचे, त्याच वॅटचे आणि गोलातला ‘ई’ शिक्का असलेले. काचेला बोट लावू नका, हाताच्या तेलकटपणाने तो भाग जास्त तापतो. १००/९० वॅटच्या ‘रॅली’ बल्बच्या नादी लागू नका, होल्डर वितळतो.

फुकटातलं सगळ्यात मोठं काम

ते म्हणजे झुकाव. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. लो बीमच्या उजेडाची वरची आडवी कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली दिसायला हवी, म्हणजे मीटरमागे एक सेंटिमीटर. दिवा ७० सेंटिमीटर उंच असेल तर बीम ७० मीटरवर रस्त्याला टेकतो. हाच झुकाव दुप्पट असेल तर फक्त ३५ मीटरवर.

आता ब्रेकचा हिशोब बघा. ताशी ८० च्या वेगात दीड सेकंद लक्षात येण्यात गेला तर ३३ मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला सुमारे ३५. एकूण ६८. म्हणजे नीट लावलेला लो बीम ८० ला कसाबसा पुरतो. ताशी १०० ला हेच अंतर ९७ मीटरच्या आसपास जातं. पुढे कपाशीने भरलेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली उभी असेल, तर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून समोर कुणी नसेल तेव्हा हाय बीम वापरा आणि समोरून गाडी आली की लगेच खाली घ्या.

डॅशबोर्डवर ०, १, २, ३ लिहिलेलं छोटं चाक असेल तर ते याच झुकावासाठी आहे. एकटे असाल तर शून्य. मागे तिघं आणि डिकीत सामान असेल तर गाडीचं नाक वर उठतं, तेव्हा आकडा वाढवा. अनेक जण गाडी विकेपर्यंत या चाकाला हात लावत नाहीत!

एवढं करूनही एलईडीच हवा असेल, तर जर्मनीने काय केलं ते बघा. तिथेही असे बल्ब बेकायदाच होते. २०२० मध्ये ओसरामच्या एका एलईडी बल्बला मंजुरी मिळाली, पण सरसकट नाही. ज्या मॉडेलच्या हेडलाइटमध्ये तो चाचणीत पास झाला, तेवढ्याच गाड्यांच्या यादीपुरती. आपल्याकडे मात्र असे बल्ब कुठल्याही गाडीसाठी खुलेआम विकले जातात आणि पावती फाटते ती गाडीमालकाची. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: माझ्या मॉडेलच्या हेडलाइटमध्ये याची चाचणी झाल्याचा कागद आहे का?