परकें गाणें व आपले कान

गेल्या श्रावणांतील गोष्ट. सायंसंध्या आटोपून आम्ही ओसरीवर बसलों होतों. पुण्यास शिकणारा आमचा पुतण्या सुटीनिमित्त दारव्ह्यास आला होता. त्यानें आपल्या मोबाइलवर कांहीं पाश्चात्य गायन लावलें. ऐकतांच आम्हीं फर्माविलें, "अरे, तो कल्लोळ बंद कर." इतक्यांत माजघरांतून वडील वहिनी बाहेर आल्या व म्हणाल्या, "राहूं द्या, भाऊजी. कोणी बाई आपलें दुःख सांगते आहे."

वहिनींस इटालियन भाषेचें अक्षरही येत नाहीं. आम्हीं मात्र पस्तीस वर्षें मुलांस करुणरस शिकविला, आणि तोच रस दारीं आला असतां त्यास घालवून देत होतों! त्या रात्रीं आम्हीं पुतण्याचें शिष्यत्व पत्करलें. त्यांतून जें उमगलें तें वाचकांपुढें ठेवितों.

तें गाणें क्लाउदियो मोंतेव्हेर्दी याचें 'लामेंतो देल्ला निन्फा', म्हणजे वनकन्येचा विलाप. १६३८ सालीं तें छापलें गेलें. त्यापूर्वीं युरोपांत अनेक कंठ सारख्याच मानानें एकमेकांत गुंफून गाण्याची रीत होती. त्या गुंफणींत शब्द हरवत. सन १६०० च्या सुमारास इटलींतील कांहीं कलावंतांनीं एक कंठ पुढें आणिला, शब्दांस मान दिला, आणि खालीं एका खर्जांतल्या स्वरपंक्तीचा आधार दिला. बरोक संगीताचा आरंभ तो हा. रचनाकार बहुधा तेवढी खालची पंक्ति व कांहीं अंक लिही. मधली जागा थिऑर्बो हें लांब मानेचें तंतुवाद्य किंवा हार्प्सिकॉर्ड वाजविणारा आपल्या बुद्धीनें भरी. आपला तंबोरा स्थिर असतो. हा आधार मात्र चालतो, इतकाच भेद.

या विलापांत खालीं सा, कोमल नी, कोमल ध, प हे चार उतरते स्वर पुनःपुन्हा येतात, आणि वर ती विरहिणी मनास येईल तशी रडते. दारव्ह्यावरून पूर्वीं धावणाऱ्या 'शकुंतला' गाडीच्या चाकांचा ठेका एकच असे. डब्यांतील माणसें त्यावर आपापलीं सुखदुःखें बोलत. तसेंच हें.

यानंतर याच रचनाकाराचें 'ओर्फेओ' घ्यावें. हें संगीतनाटक १६०७ सालीं मांतुआच्या दरबारीं झालें. नायिका सर्पदंशानें मरते व नायक गाण्याच्या बळावर तिला आणावयास यमलोकीं जातो. आदिपर्वांतील रुरु आणि प्रमद्वरा यांची आठवण कोणास होणार नाहीं? रुरूनें अर्धें आयुष्य देऊन आपल्या वाग्दत्त वधूस उठविलें. ओर्फेओ मागें वळून पाहतो व तिला पुन्हा गमावतो. प्रथम दुसऱ्या अंकांत मृत्यूची वार्ता घेऊन येणारी सखी तेवढी ऐकावी.

कोणी म्हणेल, युरोपाचें हें गाणें आपल्याकडे गोव्यांत आलें तें परकी सत्तेबरोबर. खरें आहे. त्या सत्तेनें देवळें पाडलीं, हेंही विसरूं नये. परंतु तेथील चर्चच्या शाळांतून 'मेस्त्र' म्हणविणारा शिक्षक मुलांस अक्षरांबरोबर स्वरलिपीही शिकवी. त्या परंपरेच्या गोव्यांतले अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) मुंबईस आले व त्यांनीं संगीतकार प्यारेलाल यांस व्हायोलिन शिकविलें. चित्रपटगीतांच्या वाटेनें ते सूर केव्हांच आपल्या स्वयंपाकघरांत पोंचले आहेत! अपराध सत्तेचा; मुलास सा दाखविणाऱ्या मास्तराचा नव्हे.

आरंभ कसा करावा? एका वेळीं एकच लहान रचना घ्यावी व ती आठवडाभर ऐकावी. पहिले दोन दिवस केवळ खालच्या स्वराकडे कान द्यावा. पुढें गाणाऱ्या कंठाकडे. अर्थ सर्वांच्या शेवटीं विचारावा. राग ओळखण्याची घाई करूं नये, तान आली नाहीं म्हणून रुसूं नये. आणि ऐकतांना घरांतील मुलांस जवळ बसवावें. तीं आपणांहून लौकर शिकतात.

पुतण्या पुण्यास परत गेला. दुसऱ्या दिवशीं तिन्हीसांजेला घर सुनें सुनें वाटलें. वहिनींनीं दिवा लावला, आणि ओसरीकडे पाहून विचारिलें, "भाऊजी, आज ती बाई यायची नाहीं का?"