जवळून फोटो हवाच कशाला?

2024 च्या डिसेंबरात येडशीच्या जंगलात वाघ दिसल्याची बातमी आली आणि आमच्या परंड्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य आपल्याच धाराशिव जिल्ह्यातलं. वाघ म्हटलं की चंद्रपूर, मेळघाट, एवढंच आम्ही आजवर शिकवत आलो. आता तो बार्शीच्या पलीकडे येऊन बसला होता! मधल्या सुट्टीत एक विद्यार्थी म्हणाला, "सर, मामूंची जीप आहे. रविवारी जाऊ या. जवळून फोटो काढू."

आम्ही त्याला रागावलो नाही. रागावायचा हक्कच आम्हाला नव्हता. का, ते पुढे सांगतो.

त्या वाघाचा पहिला पक्का फोटो कुणी काढला, हे आधी ऐका. तो काढायला तिथं माणूसच नव्हता. वनखातं जनावरांच्या वाटेवर झाडाला, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, कॅमेरा बांधून ठेवतं. समोरून उष्ण अंगाचं काही हललं की तो आपोआप फोटो घेतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा असतो, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगवेगळे असतात. आपल्या बोटांच्या ठशांसारखे एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी कधी जुळत नाहीत. पट्ट्यांवरूनच कळलं, की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला नर. सुमारे पाचशे किलोमीटर चालून आलेला. शेतं, रस्ते, गावं ओलांडत आला तो. एका फोटोनं एवढं सांगितलं, आणि वाघाला त्याचा पत्ताही लागला नाही.

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरचे पाच जण विदर्भातल्या एका जंगलात सफारीला गेलो होतो. वर्षभर पैसे साठवले होते. पहाटे उघड्या जिप्सीत बसलो. दोन तास हरणं, रानडुकरं, मोर. मग एका पाणवठ्याशी वाघीण दिसली. वाघ पाण्यात मागच्या पायांनी उतरतो, तशी ती हळूच उतरत होती. मोबाईल वर केला, तर पडद्यावर ती मुंगीएवढी. आम्ही म्हणालो, "भाऊ, थोडं पुढं घ्या ना." ड्रायव्हर नको म्हणत होता. आम्ही दुसऱ्यांदा म्हणालो, तिसऱ्यांदा म्हणालो. शेवटी त्यानं गाडी पुढं घेतली. आमची बघून मागच्या तीन गाड्याही आल्या. वाघीण उठली, एकदा गुरगुरली आणि झुडपात गेली. आमच्या फोटोत शेपूट तेवढी आली.

गाडीत कुणी बोलेना. धाकटीनं विचारलं, "अब्बू, ती पाणी प्यायला आली होती ना?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. मे महिन्यातलं ऊन काय असतं, हे परंड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. दारात पाणी प्यायला आलेल्याला आपल्या घरात कुणी हुसकावत नाही. तिथं तर घर तिचं होतं, पाणी तिचं होतं, आणि आम्ही पाहुणे.

31 डिसेंबर 2024 ला नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात याच हौसेनं कहर केला. एक वाघीण पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली आणि दोन्ही बाजूंनी सफारीच्या गाड्यांनी तिची वाट अडवली. व्हिडिओ सगळीकडे फिरला. ड्रायव्हर आणि गाईड निलंबित झाले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपणहून दखल घेतली. शिक्षा झाली ती ड्रायव्हर-गाईडला. पण त्यांना "पुढं घ्या" म्हणणारे कोण होते? आपल्यासारखेच सुट्टीला आलेले कुटुंबवाले. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाईल वापरायला मनाई केली. ही पाळी आपणच आणली.

जवळ गेल्यानं नुकसान काय होतं? वाट अडली की आई एकीकडे आणि पिल्लं दुसरीकडे राहतात. शिकारीवर टपलेल्या जनावराची शिकार हुकते. आणि रोज गाड्यांना सरावलेलं जनावर माणसाला बिचकेनासं होतं. मग ते गावाजवळ येतं, आणि त्याची किंमत रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला गेलेला शेतकरी मोजतो. येडशीचा वाघ बार्शी तालुक्यात फिरला, तेव्हा लोकांची जनावरं मारली गेली. त्या धास्तीत बाहेरून जीपभर लोक फोटोला गेले असते, तर बिथरलेला वाघ कुठे वळला असता?

म्हणून त्या विद्यार्थ्याला आम्ही आमचा शेपटीचा फोटो दाखवला आणि सगळी हकीकत सांगितली. मग त्या हिवाळ्यात मुलांना घेऊन नान्नजला गेलो. बार्शी, वैराग करत सोलापूरकडे जाताना ते लागतं. माळढोकासाठी राखलेला हा गवताचा माळ. आज तिथं पाहायला मिळतात ती मुख्यतः काळविटं.

जाण्याआधी मुलांशी काही गोष्टी ठरवल्या. गाडी थांबली की इंजिन बंद. हाका, शिट्ट्या नाहीत. फ्लॅश नाही. जनावरानं चरायचं सोडून मान वर करून आपल्याकडे पाहिलं, की समजायचं, आपण पुरेसे जवळ आलो. आता पाऊल मागे. आणि कुठे काय दिसलं, याचा ठावठिकाणा व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. दूरचं बघायला एक जुनी दुर्बीण नेली होती. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाईल चिकटवून धरला, की लांबचा फोटो बरा येतो, हे मुलांनीच शोधून काढलं.

त्यांच्या एका फोटोत पिवळं गवत आहे, वर मोठं आभाळ आहे आणि मधे अंगठ्याच्या नखाएवढं काळवीट. मान खाली घालून चरतंय. तो फोटो आम्ही वर्गात लावला आहे. पाहणारे विचारतात, "एवढं लहान का हो?"

मुलं सांगतात, "त्याला कळलंच नाही, आम्ही आलो होतो."